मामंजी होडीत बसले

"मागे सर गो द्वारके, दोर टाकतंय," जानू तांडेल म्हणाला. मी खांद्यावरचं जाळं सावरलं आणि सुरूच्या सावलीत जाऊन उभी राहिले.

तांडेलानं ओल्या वाळूवर दोन दोर लांब सोडले, एक खाडीच्या बाजूला आणि एक डोंगराच्या. मधोमध आमच्या रापणीची होडी ओढून ठेवली होती. पावसाळा सरल्यावर तिला नुकतंच तेल दिलं होतं आणि उन्हात ती चकाकत होती. रापणीतले सगळे पुरुष अंघोळ करून, धुतलेले सदरे घालून आले होते, लग्नाला यावं तसे. आले होते माझा निकाल लावायला.

रापण हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. होडी भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येते. मग किनाऱ्यावर त्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून एकेका बाजूला पंधरावीस माणसं ओढत राहतात, ते जाळं वाळूवर येईपर्यंत. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. त्या मोठ्या जाळ्यात ज्याचा तुकडा जोडलेला, त्याची रापणीत जागा. जागा असेल त्याला वाटा, आणि त्यालाच मत.

माझा नवरा आत्माराम त्या वर्षी फाल्गुनात काविळीनं गेला. त्याच्या नावचा जाळ्याचा तुकडा मागे राहिला. तो विणला होता मी. लग्न होऊन आले तेव्हा मला जाळं विणता येतं हे कळल्यावर आत्मारामानं सुतळी आणि सुई माझ्या हातात दिली आणि स्वतः पत्ते खेळायला गेला, तो कायमचाच. आत्माराम गेल्यावर मी रापणीच्या म्होरक्याकडे, म्हणजे तांडेलाकडे, जाऊन सांगितलं, की नवऱ्याची जागा मला द्या, मी दोर ओढेन. वाडीत हे आजवर कोणी ऐकलंही नव्हतं. माणूस गेला की जागा घरातल्या पुरुषाकडे जायची. बाईला रोजची थोडी मासळी द्यायचे, मेहेरबानी म्हणून.

आता आमच्या घरात पुरुष नव्हता अशातली गोष्ट नाही. माझा धाकटा दीर येसू होता. तो गोव्याला ट्रॉलरवर कामाला होता. मालकानं ट्रॉलर विकला, तसा येसू बायकापोरांना घेऊन पावसाळ्याच्या तोंडावर घरी आला. घराच्या अर्ध्या भागात ते, अर्ध्यात मी आणि माझी मुलगी चंपा, आणि मधल्या पडवीत सासरे. सासऱ्यांचं नाव भिकाजी. मी त्यांना मामंजी म्हणत असे. त्यांची स्वतःची रापणीत जागा होती आणि सत्तरीला टेकले तरी ते रोज दोराला असत. आपली जागा येसूला द्या, असं त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. धडधाकट माणसाला दोर सोड म्हणणं म्हणजे जाऊन झाडाखाली मर म्हणण्यासारखंच होतं.

येसू वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की दीर म्हणजे डाव साधणाराच. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना तो माझ्याशी नीट बोलला होता.

"वैनी, तू जागा घेवन काय करतलंस? दोर ओढूक ताकद लागता."

"तुमी आमच्या माशांच्या पाटये उचलून बघा, भावजी. डोक्यार घेवन बाजारापर्यंत चला, मगे ताकदीचा सांगा."

"ता खरा. पण जागा नाय गावली तर माका परत गोव्याक जावचा लागात. सगळ्यांका घेवन. मगे ह्या घरात कोण?"

"मी आसंय मां."

"माका जागा गावली तर तुझो वाटो मी तुझ्या दारात हाडून देतलंय. रोज. देवाची शपथ."

"तुमी देतलास, माका ठावक आसा," मी म्हटलं. "पण मी वाट बघीत बसतलंय मां, रोज. तुमी येतास काय नाय म्हणान."

मामंजी पेज पीत होते. त्यांनी वाटी तोंडाला लावली ती रिकामी झाल्यावरही बराच वेळ खाली ठेवली नाही. मात्र सकाळी उठून बघते तर आत्मारामाचं जाळं माळ्यावरून उतरवून कोणीतरी माझ्या दाराशी व्यवस्थित घडी करून ठेवलेलं. घरात मामंजींशिवाय माळ्यावर कोणी चढत नसे. मला भरून आलं. म्हातारा बोलत नाही, पण माझ्या पाठीशी आहे, एवढं मला पुरेसं होतं. तेच जाळं खांद्यावर टाकून मी किनाऱ्यावर गेले होते.

आमच्या वाडीत मत द्यायला हात वर करायची पद्धत नव्हती. ज्याला हो म्हणायचं त्यानं खाडीकडचा दोर धरायचा, नाही म्हणायचं त्यानं डोंगराकडचा. तांडेल मोजायचा. आणि ज्याला काहीच म्हणायचं नसेल त्यानं होडीत जाऊन बसायचं. होडीतली माणसं मोजायची नाहीत. दोन्ही दोरांना सारखी माणसं झाली तर जुनं होतं तसंच चालू ठेवायचं, म्हणजे माझ्या बाबतीत जागा येसूला.

"सगळ्यांनी ऐकला मां?" तांडेल म्हणाला. "आत्मारामाची जागा द्वारकेक देवची काय? हो तर खाडयेकडे, नाय तर डोंगराकडे. चला."

सगळ्यात आधी मामंजी हलले. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, ना इकडे बघितलं ना तिकडे, सरळ चालत गेले आणि होडीत चढून मधल्या फळीवर बसले.

मला धक्काच बसला. माझ्या बाजूनं नाही तर नाही, पण निदान उभं तरी राहायचं. मी येसूकडे बघितलं. तो माझ्यापासून थोडा दूर, दुसऱ्या सुरूखाली उकिडवा बसला होता. त्याला जागा नव्हती, म्हणून मतही नव्हतं. त्याचंही तोंड उतरलं होतं.

मामंजी बसलेले बघून त्यांच्या बरोबरीचे दोन म्हातारे होडीत चढले. मग त्यांचे मुलगे. मग एकेक करत इतकी माणसं चढायला लागली की फळ्यांवर जागा उरली नाही. कोणी काठावर टेकलं, कोणी पुढच्या टोकाला, नाळेला, मिठी मारून उभं राहिलं, आणि दोघे जण आत मावत नाहीत म्हणून बाहेरून होडीला हात लावून उभे राहिले. दोरांकडे कोण, तर खाडीच्या बाजूला आत्मारामाचा दोस्त लवू आणि आणखी थोडे, डोंगराच्या बाजूला सद्या मेतर आणि त्याचे दोन भाऊ. बाकी सगळी वाडी होडीत.

तांडेल कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"ही रापण काय एस्टी?" तो म्हणाला. "मी काय तिकिटा फाडू?"

होडीत कोणीतरी हसलं. पण तांडेल हसला नाही. तो मोजणार नाही म्हणाला. एवढ्या मोठ्या रापणीचा निर्णय मूठभर माणसांनी केला तर उद्या सगळेच म्हणतील, आम्ही नव्हतो त्यात.

सद्या मेतर डोंगराकडचा दोर धरूनच बोलला. माणूस रोखठोक होता. "तांडेलानू, होडीतल्यांका 'नाय'मध्ये मोजा. जो गप ऱ्हवलो, तेका नको आसा. होया असता तर तोंड उघडून सांगल्यान असता."

"खयचा काय!" लवू तिकडून म्हणाला. "गप ऱ्हवलो म्हणजे तेची ना नाय. सोयरीक घेवन गेलव नि मुलगी गप ऱ्हवली तर आमी काय समाजतव?"

"ही सोयरीक न्हय, रापण आसा."

"मगे कोणाचा गप ऱ्हवणा कोणाच्या पदरात घालतंस? तुझ्या सोयीन?"

होडीतली माणसं हे सगळं ऐकत होती आणि आपल्याबद्दल चाललेलं बोलणं दुसऱ्या कोणाबद्दल असावं तशी समुद्राकडे बघत होती. सद्याचंही चुकत नव्हतं, हे मला त्या रागातसुद्धा कळत होतं. त्याला जे वाटत होतं ते तो उन्हात उभा राहून सांगत होता. शेवटी सद्या म्हणाला, "मगे होडी काढून टाका हयसून. आज कोणीच बसूचा नाय. मानूस आसा तर तेका मत आसतलाच."

तांडेल माझ्याकडे वळला. "द्वारके, तुझा काय म्हणणा?"

मला बोलायला लावतील असं वाटलं नव्हतं. पण जाळं खांद्यावर होतं, त्याच्या वजनानं जरा धीर आला.

"माझा म्हणणा इतक्याच," मी म्हटलं, "की कोण कित्याक बसलो ता विचारा. माझ्या मामंजींचा माका समाजता. तेंका एका बाजूक झील, दुसऱ्या बाजूक सून. पण बाकीच्यांची मी कोण लागतंय?"

तांडेलाला ते पटलं. त्यानं काठी उचलली आणि होडीजवळ जाऊन एकेकाला विचारायला सुरुवात केली.

"तू कित्याक बसलंस?"

"भिकाजीकाका बसले म्हणान."

"नि तू?"

"माझी पाठ दुखता, तांडेलानू. उभ्यान ऱ्हवाक जमणा नाय."

"कालच्या सांजेक झाडावरसून नारळ पाडीत होतंस, तेव्हा पाठ खय ठेवललंस?"

आता मात्र सगळी होडी हसली. पुढचा म्हणाला, येसू त्याचा वर्गसोबती आणि आत्माराम त्याच्या भावाचा, म्हणून त्याला बोलता येत नाही. त्याच्या पुढचा म्हणाला, बायको म्हणाली द्वारकेकडून जा आणि आई म्हणाली येसूकडून, म्हणून बसलो. एकानं तर सांगितलं की कशावर मत आहे तेच त्याला नीट ऐकू आलं नव्हतं, गर्दी दिसली म्हणून चढला. शेवटी तांडेल मामंजींसमोर आला. तिथं त्यानं काठी खाली टेकली.

"भिकाजी, तू?"

मामंजी म्हणाले, "घरच्या मानसान घरच्या मानसाचो निवाडो करू नये. माका हय बसान दी."

तांडेलानं मान हलवली. मग वळून मोठ्यानं सांगितलं, "ज्येच्या घरचा आसा तो बसात. बाकीच्यांनी खाली उतरा. पाठ दुखता, बायल रागावता, ह्यां चलाचा नाय. होडी भित्र्यांसाठी ठेवलेली नाय वाडवडलांनी."

"एकाक होडी नि दुसऱ्यांका वाळू?" सद्या म्हणाला. "ह्यो खयचो न्याय?"

"तुझ्या घरचा असात तेव्हा तू बस. मी उठवचंय नाय तुका."

माणसं उतरायला लागली. नवं तेल दिलेल्या होडीत बसल्यानं सगळ्यांच्या पाठीमागे काळे डाग पडले होते आणि धुतलेल्या कपड्यांची वाट लागली होती. सुरूखाली जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, कारण ते धुवायचे त्यांनाच होते. मला हसू आलं नाही.

माझं सगळं आयुष्य त्या चालत्या पायांवर होतं. कोण कुठं वळतो ते मी बघत होते आणि प्रत्येक वेळी माझं मन आधीच ओळखायला जात होतं आणि चुकत होतं. ज्याच्या मुलाला मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते तो डोंगराकडे गेला. ज्याच्याशी आत्मारामाचं हद्दीवरून भांडण होतं तो खाडीकडे आला आणि दोर धरून पुटपुटला, "जाळां बायलमानशीन विणला, ता काय कोणाक ठावक नाय?" पाठदुखीवाला बराच वेळ मध्ये उभा राहिला. मग खाडीकडे आला, आणि आल्यावर खरंच पाठ धरून उभा राहिला.

तांडेलानं दोन्ही बाजू काठीनं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. खाडीकडे एक माणूस जास्त होता.

एवढ्यात सद्या मेतर म्हणाला, "अजून एक जण होडीत आसा."

सगळे मामंजींकडे वळले. हिशेब उघड होता आणि तो न कळणारं तिथं कोणी नव्हतं. मामंजी उतरून डोंगराकडे गेले तर दोन्ही दोर सारखे, म्हणजे जागा येसूची. होडीतच राहिले तर माझी.

"भिकाजी," तांडेल म्हणाला, "तुका बसाची मोकळीक दिलंय. पण आता तुझ्या एकट्यार इला. उतरूचा असात तर उतर. मागसून म्हणशीत, विचारल्यानी नाय."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी खाली वाळूकडे बघत राहिले. येसू उठून उभा राहिला होता, ते मला त्याच्या सावलीवरून कळलं. लाट आली आणि गेली, आणि परत आली.

"उतरूचंय नाय," मामंजींचा आवाज आला.

"मगे जागा द्वारकेची," तांडेल म्हणाला.

लवूनं आरोळी ठोकली. बायकांपैकी कोणीतरी मला मिठी मारली, कोण ते आता आठवत नाही. मी रडत होते की हसत होते तेही सांगता येणार नाही. डोळे पुसून बघितलं तर मामंजी होडीतून उतरत होते. ते चालत येसूकडे गेले. रापण ओढताना कमरेला एक आखूड दोरी बांधतात, ती मुख्य दोराला अडकवून सगळ्या अंगानं ओढायचं असतं. मामंजींची दोरी कायम त्यांच्या कमरेला असे, घरीसुद्धा. ती त्यांनी सोडली आणि येसूच्या हातात दिली.

"घे. फाल्यापासून तू."

"नि तुमी, बाबा?"

"मी जाळी शिवतलंय. कोणीतरी होयो मां."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. पण परत घरी जाताना त्यांचा हात सारखा कमरेकडे जात होता, आणि तिथं काही नाही म्हटल्यावर खाली येत होता. मी मागून चालत होते, मला ते दिसत होतं. त्या दिवसापासून मामंजींना रापणीत जागा उरली नाही, म्हणजे मतही उरलं नाही. माझी वाट मोकळी व्हावी, येसूच्या मनात माझ्याबद्दल किल्मिष राहू नये म्हणून म्हाताऱ्यानं आपला दोर सोडला, असं मी धरून चालले.

येसूनं मला ओढायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात माझ्या तळहातांची सालं निघाली. तो मागून म्हणायचा, "वैनी, हातान ओढू नको, टाचेन ओढ. टाच रोव आणि मागे पड." मी मागे पडायची ती कधीकधी खरंच पडायची, आणि सद्या मेतर सगळ्यात मोठ्यानं हसायचा. पण एकदा पाठीवर आडवी झाले तेव्हा हात देऊन उठवलं तेही त्यानंच. पुढे तर रापणीच्या बैठकीत तो माझ्याशी सगळ्यात जास्त भांडायचा आणि मला ते आवडायचं. बाकीचे बराच काळ मला बाई म्हणून सांभाळून घेत.

असं बरीच वर्षं चाललं. चंपाचं लग्न झालं. जानू तांडेल गेला. येसूच्या मुलांनी स्वतःची यांत्रिक होडी घेतली, तरी येसूनं दोर सोडला नाही. मामंजी सुरूखाली बसून जाळी शिवत. नजर गेली तेव्हा बोटांनी चाचपून शिवत. त्यांचं जेवणखाण माझ्याकडे होतं. येसूच्या बायकोनं कितीदा सांगितलं, सहा महिने आमच्याकडे राहू देत. मी सोडलं नाही. माझ्यासाठी गप्प राहिलेला माणूस, त्याला मी दुसऱ्याच्या चुलीवर कसा पाठवू, असं मला वाटे.

मग एका दुपारी मी रापणीच्या बैठकीतून घरी आले ती चिडूनच आले. वाडीतल्या नव्या पोरांनी विषय काढला होता. होडीची पद्धत बंद करा म्हणत होते. प्रत्येकानं हो किंवा नाही म्हटलंच पाहिजे, मध्ये बसणं म्हणजे पळपुटेपणा. पुढच्या बैठकीत त्यावर मत घ्यायचं ठरलं होतं. मामंजी पडवीत पानावर बसले होते. त्या दिवशी वाट्याला सुरमई आली होती. मी भात वाढता वाढता त्यांना सगळं सांगितलं.

"मगे तू काय करतलंस?" त्यांनी विचारलं.

"माका काय ता समाजणा नाय. पोरांचाय चुकीचा नाय. बसणारे बसतत नि मगे बाहेर जावन बोलतत." मी त्यांच्या समोर बसले. "मामंजी, एक विचारू?"

"इचार."

"त्या दिवशी होडी नसती, तांडेलान तुमकाय उतराक लावला असता, तर तुमी खयचो दोर धरलो असतो?"

उत्तर मला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. ते त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, एवढंच.

"डोंगराकडचो," मामंजी म्हणाले.

मला वाटलं, त्यांना ऐकू नीट आलं नाही. "मी माझ्या जागेचा विचारतंय. आत्मारामाच्या."

"समाजला मरे. डोंगराकडचो. येसूचो."

माझ्या हातातला डाव भातातच राहिला.

"मगे जाळां माझ्या दारात कित्याक ठेवलास?"

"माळ्यार उंदीर लागलेले. कोणीतरी शिवूक होया होता. तू शिवतंस."

"नि तुमची जागा? ती भावजींका दिलास ता?"

"नाय देवन काय करतलंय? गोव्याक गेलो असतो तो. पोरांका घेवन." त्यांनी भात चिवडला. "एक झील फाल्गुनात गेलो होतो. दुसरो पावसाळ्यानंतर गेलो असतो."

मी डाव बाजूला ठेवला आणि विचारलं, "माझा मागणा चुकीचा होता?"

"नाय," ते लगेच म्हणाले. "तुझा बरोबर होता. विणलंस तू, आजारपण तू काढलंस. माका सगळा दिसत होता. पण दोराकडे गेलंय असतंय तर हात येसूच्याच दोराक गेलो असतो. बरोबर काय, चूक काय, हाताक समाजणा नाय. म्हणान होडीत बसलंय." मग म्हणाले, "तांडेलान परत विचारल्यान तेव्हा एक पाय भायर काढलेलो मी. मगे आत घेतलंय."

मी त्या वेळी वाळूकडे बघत होते. मला तो पाय दिसलाच नव्हता.

"नि आता?" मी विचारलं. "आता कोणी विचारल्यान तर?"

त्यांनी त्यावर खरंच विचार केला. घास चावून झाला, गिळून झाला.

"आताय तोच," ते म्हणाले. "तू माका इतकी वर्सा जेवक घातलंस. येसून नाय घातल्यान. तरी पण तोच. झील तो झील." मग म्हणाले, "होडी ऱ्हवान देवा तुमी. माझ्यासारख्यान खय बसाचा मगे?"

मला वाईट वाटलं. ते लपवून काय करू? ज्याला इतकी वर्षं मी माझा माणूस म्हणत आले, तो माझा नव्हता, येसूचा होता. ज्या ज्या खुणा मी जपून ठेवल्या होत्या त्यातली एकही माझ्यासाठी नव्हती. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की खाडीकडचा दोर ज्यांनी धरला त्यांना मी हवीच होते, त्यांचं त्यात काही गेलं नाही. यांना मी नको होते. समोर मुलगा उभा होता, सगळी वाडी बघत होती, आणि हा माणूस बाहेर काढलेला पाय आत घेऊन बसून राहिला. मला रडू येत होतं, आणि ते कशाचं ते मला वेगळं करता येत नव्हतं.

"शेपटीकडचो तुकडो वाढ," मामंजी म्हणाले. "काटे असले तरी चालात."

मी माझ्यासाठी ठेवलेला मधला तुकडा उचलून त्यांच्या पानात वाढला. त्यांनी तो बोटांनी चाचपला.

"ह्यो कोणाचो?"

"तुमचोच," मी म्हटलं. "जेवा."